रुग्ण स., वय त्रेसष्ट

गुरुवारच्या ऑनलाइन केस कॉन्फरन्समध्ये रश्मी घाडीने तिचं चौदावं रेकॉर्डिंग वाचून दाखवलं. स्क्रीनवर अकरा चौकटी होत्या. एका चौकटीत कुणीतरी जेवत होतं, दुसऱ्या चौकटीमागे कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. रश्मीचा आवाज नेहमीप्रमाणे सपाट होता.

"परिचारिका: काल जेवलात का? रुग्ण: माका भूक लागणा नाय. परिचारिका: का बरं? रुग्ण: मेल्या माणसाक कसली भूक? मी मेलंय गो. तुका म्हायत नाय?"

कुणीतरी कुकर म्यूट केला.

"करंदीकर मॅडम," निमकर सर म्हणाले, "मला जे वाटतंय तेच हे ना?"

"तसं दिसतंय," मी म्हणाले.

निमकर सर आमच्या कोर्सचे प्रमुख. दादरला संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे, बाकी सगळा कारभार ऑनलाइन. नोकरी करणाऱ्या नर्सेसना मानसिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण देणारा हा दोन वर्षांचा कोर्स. थिअरी संध्याकाळी लॅपटॉपवर. प्रत्यक्ष कामाचे तास मात्र आपापल्या भागात, क्लिनिकमध्ये किंवा घरभेटी करून भरायचे आणि पोर्टलवर नोंदवायचे. मी त्यांची प्रीसेप्टर. म्हणजे दुरून हात धरणारी. त्याआधी मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार वॉर्डची सिस्टर होते. निवृत्तीनंतर घरी राहायचं ठरवलं होतं. मग माझे यजमान, मोहन, गेले आणि गिरगावातली आमची दोन खोल्यांची जागा एकाएकी मोठी झाली. म्हणून हे काम घेतलं.

निमकर सरांना जे वाटत होतं त्या लक्षणाला एका फ्रेंच डॉक्टरचं नाव आहे. नैराश्य फार खोल गेलं की क्वचित एखादा रुग्ण सांगू लागतो की मी मेलोय, माझ्या पोटात आतडी नाहीत, मला जेवायची गरज नाही. तो हे अलंकारिक बोलत नसतो. त्याला ते खरंच वाटत असतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असे दोनच रुग्ण पाहिले. दोघांनाही नळीने अन्न द्यावं लागलं होतं.

"रेअर केस आहे," निमकर सर म्हणाले. "आपण पुढच्या महिन्याच्या वेबिनारला घेऊ. रश्मी, उत्तम काम. कन्सेंट तेवढा आणा, नातेवाइकाच्या सहीचा."

"हो सर," रश्मी म्हणाली.

"वेबिनार नंतर," मी म्हणाले. "बाई जेवत नाहीत. त्यांना आधी ओपीडीत आणायला हवं. रश्मी, हे मी तुला तिसऱ्यांदा सांगतेय."

"त्या येणार नाहीत, मॅडम."

"मग डॉक्टर घरी नेऊ."

"विचारते त्यांना."

कॉन्फरन्स संपली.

रेकॉर्डिंग म्हणजे काय तेही सांगायला हवं. त्यात टेप वगैरे काही नसतं. नर्सने रुग्णाशी अर्धा तास बोलायचं. मग लगेच बसून सगळं संभाषण शब्दन्शब्द आठवून लिहायचं. फॉर्मला तीन रकाने. पहिल्यात रुग्ण काय बोलला, दुसऱ्यात आपण काय बोललो, तिसऱ्यात त्या क्षणी आपल्या मनात काय आलं. एकाच रुग्णाची अशी पंधरा रेकॉर्डिंग्ज द्यावी लागतात. रुग्णाचं नाव कुठेही लिहायचं नाही, फक्त आद्याक्षर, वय आणि भाग. ही गुप्तता आम्ही फार कडक पाळतो.

रश्मीचा रुग्ण होता 'स., वय ६३, वरळी'. बाई एकट्या राहतात, एक मुलगी आहे, एवढीच माहिती. रश्मी स्वतः एका खाजगी रुग्णालयात आयसीयूची नर्स होती, वय तिशीच्या आत. ड्यूटी सांभाळून ती कोर्स करत होती. तिची रेकॉर्डिंग्ज वर्गात सर्वांत चांगली असायची. बाकीच्यांचे रुग्ण पाठ्यपुस्तकासारखे बोलत. हिचा रुग्ण माणसासारखा बोलायचा. मध्येच नळाचं पाणी गेल्याचं सांगायचा, मध्येच कुणाचा तरी राग काढायचा. मी दहापैकी नऊ देत आले.

प्रत्येक रेकॉर्डिंगखाली मी शेरा लिहायचे. 'पुढच्या भेटीत वार, तारीख, ठिकाण विचार.' पुढच्या आठवड्यात उत्तर यायचं: "वार जित्या माणसांक. माका वार नाय." वार जिवंत माणसांना असतो, मला नाही. मी त्यापुढे लिहिलं, 'काळाचं भान हरपलेलं. छान टिपलंस. आता विचार, त्यांची काळजी कोण घेतं.' त्याचंही उत्तर आलं.

सहाव्या रेकॉर्डिंगमध्ये एक वाक्य होतं. रश्मीने बहुधा बाईंना सांगितलं असावं की हे प्रश्न माझ्या मॅडम विचारायला लावतात. त्यावर रुग्ण म्हणाला होता: "त्या बाईंक सांग, तेंच्या पाठची खुर्ची कोणाची ती माका ठावक आसा."

दुपारची वेळ होती. खाली गल्लीत भंगारवाला ओरडत होता. मी मान वळवून मागे पाहिलं. मोहनची खुर्ची होती तिथेच होती, पाठीवर त्याचा बिनबाह्यांचा स्वेटर. त्याला जाऊन तेव्हा दहा महिने झाले होते. मी स्वतःला समजावलं की रश्मी दर गुरुवारी ती खुर्ची कॅमेऱ्यात बघते आणि रुग्णाशी गप्पा मारताना कधी बोलली असेल. विद्यार्थिनीने शिक्षकाच्या घरातलं रुग्णाला सांगू नये, असा शेरा लिहिला. मार्क कापला नाही. पण त्या दिवसापासून मी लॅपटॉप टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवू लागले.

केस कॉन्फरन्सच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, जेवण उरकून मी पोर्टल उघडलं. अडीच वाजले होते. रश्मीने रात्रीतून दोन गोष्टी चढवल्या होत्या, पंधरावं रेकॉर्डिंग आणि वेबिनारचा कन्सेंट.

रेकॉर्डिंग लहान होतं.

"रुग्ण: शुक्रवारी खोली देतलंस. मगे मी खंय रवू? परिचारिका: मला माहीत नाही. रुग्ण: तू पण चल माझ्या वांगडा. परिचारिका: येते."

खोली दिल्यावर मी कुठे राहू, तूही माझ्याबरोबर चल, असं रुग्ण म्हणत होता. आणि नर्स म्हणत होती, येते.

मी चष्मा पुसला. तिसरा रकाना मी एरवी भरभर वाचते, कारण मुली तिथे गाइडमधली वाक्यं उतरवतात. 'रुग्णाबद्दल सहानुभूती वाटली', असं काहीतरी. रश्मीच्या तिसऱ्या रकान्यात दोनच शब्द होते.

'बरं वाटलं.'

आमच्या वॉर्डमध्ये नव्या नर्सला पहिल्या महिन्यात शिकवलेली एक गोष्ट असते. आठवडेच्या आठवडे कुढणारा रुग्ण एका सकाळी अचानक शांत, हलका दिसला तर खूश व्हायचं नाही. त्याचं काहीतरी ठरलेलं असू शकतं. त्याच्यावरून नजर हलवायची नाही. हे रुग्णांबद्दल शिकवतात. नर्सने लिहिलेल्या रकान्याबद्दल कुणी शिकवत नाही.

मी कन्सेंट उघडला. आधीच्या घरभेटींच्या फॉर्मवर नातेवाइकाची सही म्हणजे नुसता फराटा असायचा. इथे पूर्ण सही होती. 'र. घाडी. नातं: मुलगी.'

म्हणजे रुग्ण तिची स्वतःची आई होती. मला पहिल्यांदा राग आला. आई घरात उपाशी आहे, आणि ही मुलगी तिला इस्पितळात नेण्याऐवजी तिच्यावर होमवर्क लिहितेय. मी रश्मीला फोन लावला. बंद होता. पोर्टलवर तिच्या माहितीत तातडीच्या संपर्काचा नंबर होता. सुमन घाडी, आई. तो लावला.

बराच वेळ रिंग वाजली. मग कुणीतरी उचलला. पलीकडे कबुतरांचा घुमण्याचा आवाज होता, मोठ्या रिकाम्या जागेत घुमतो तसा.

"सुमनताई आहेत का?" मी विचारलं.

"आई झोपलीय, मॅडम," रश्मी म्हणाली.

"तू कुठे आहेस?"

"आईकडेच. साडेतीनला भेट आहे ना आमची."

फोन ठेवला गेला. पुन्हा लावला तर कुणी उचलला नाही.

मी निमकर सरांना फोन केला. रश्मीच्या आईचा पत्ता हवा, असं म्हणाले.

"मॅडम, विद्यार्थ्यांचा पर्सनल डेटा असा देता येत नाही. ईमेल टाका, मी—"

"सर, ती मुलगी आज जिवाचं बरंवाईट करेल असं मला वाटतंय. फाइल उघडा."

कीबोर्डचा आवाज आला. त्यांनी पत्ता सांगितला. वरळी, बीडीडी चाळ, इमारतीचा नंबर, तिसरा मजला. मग ते थांबले.

"मॅडम, इथे एक लीव्ह दिसतेय. चार महिन्यांपूर्वीची. दहा दिवस." त्यांनी घसा साफ केला. "कारण, आईचं निधन."



"मग झोपलंय कोण?" सरांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

पहिलं रेकॉर्डिंग त्या रजेनंतर दोन आठवड्यांनी आलं होतं. रुग्ण आठवड्यामागून आठवडे आम्हाला स्वच्छ सांगत होता की मी मेलेय. आम्ही अकरा शिकलीसवरलेली माणसं बसून त्याला लक्षणाचं नाव देत होतो.

घरभेटीला एकटं जायचं नाही, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. मी पवारमावशींना फोन केला. मावशी आमच्या वॉर्डच्या आयाबाई होत्या, माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाल्या, राहतात लालबागला. आडदांड पेशंटला नुसत्या बोलण्याने खाटेवर बसवणारी बाई. फोनवर त्यांनी काही विचारलं नाही. मी टॅक्सीने पोहोचले तेव्हा त्या चाळीच्या तोंडाशी उभ्या होत्या. मी थोडक्यात सगळं सांगितलं.

"म्हंजे पोरीला कुणी बघितलंच न्हाई?" मावशी म्हणाल्या.

"दर आठवड्याला बघत होते. कॅमेऱ्यावर."

"कॅमेऱ्यात अंग गरम लागतं का हो सिस्टर?"

मी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन होऊन गेले होते.

ती इमारत नव्या बांधकामासाठी रिकामी होत होती. बहुतेक कुटुंबं आधीच हलली होती. बीडीडी चाळीत मधोमध लांब बोळ असतो आणि दोन्ही बाजूंना खोल्या. भर दुपारीही त्या बोळात संध्याकाळ होती. दारांवर लाल रंगाने नंबर टाकले होते, कड्यांना सील. काही खोल्यांची दारंच काढून नेली होती. आत भिंतीवर कपाटाच्या, देव्हाऱ्याच्या आकाराचे फिकट चौकोन. पायाखाली कबुतरांची पिसं. आमच्या पावलांखेरीज आवाज नव्हता. तिसऱ्या मजल्यावर एकाच दारासमोर फरशी पुसलेली होती. ताजी, ओली. तिथून बोलणं ऐकू येत होतं.

मावशींनी माझा दंड धरला.

दोन आवाज होते. एक रश्मीचा. दुसरा जाड, थकलेला, मालवणी. मी पस्तीस वर्षं असल्या आवाजांमध्ये काढली आहेत. तरी माझ्या मानेवर काटा आला, हे कबूल करते.

दार नुसतं लोटलेलं होतं. रश्मी जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर वही. समोर गादी नसलेली लोखंडी खाट. दोन कप चहा. दोन्ही आवाज तिचेच होते. एक ओळ म्हणायची, लिहायची. मग आवाज बदलून दुसरी म्हणायची, लिहायची.

आम्हाला बघून ती दचकली नाही. "या मॅडम," म्हणाली. "भेट चालू आहे."

अशा वेळी दोन चुका करायच्या नसतात. 'इथे कुणी नाही' असं म्हणून वाद घालायचा नाही. 'हो, मलाही दिसतंय' असं म्हणून खोटंही बोलायचं नाही. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखले.

मावशींचं लक्ष कपांकडे होतं. एक भरलेला, एक अर्धा. "ह्यातला च्या कोन प्यालं?" त्यांनी विचारलं.

"मीच," रश्मी म्हणाली. "ती अर्धा सोडते. टाकवत नाही मला."

"रश्मी," मी म्हणाले, "आज आईबरोबर जायचं ठरवलंयस का? जीव द्यायचं?"

हे असं सरळ विचारायचं असतं. लोकांना वाटतं, विचारलं की डोक्यात कल्पना घातली जाते. तसं होत नाही. उलट बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

तिने वही मिटली. "आज संध्याकाळी खोलीची किल्ली द्यायचीय," ती म्हणाली. "मग ती कुठे राहील?"

"म्हणून तू जाणार?"

"हो."

"कशाने?"

तिने पर्स माझ्याकडे सरकवली. आत काय होतं ते इथे लिहीत नाही. पवारमावशींनी ती उचलली, आपल्या पिशवीत घातली आणि पिशवीवरच बसल्या.

मग ती बोलू लागली. आई गेली त्या दुपारी रश्मी ड्यूटीवर होती. साडेतीनला आईचा फोन आला, छातीत भरून आलंय म्हणून. आयसीयूत एक रुग्ण अत्यवस्थ होता. पडून राहा, सुटले की येते, असं रश्मी म्हणाली. सुटली तेव्हा उशीर झाला होता. पुढे कोर्सचं पहिलं रेकॉर्डिंग द्यायची तारीख आली. घरभेटीसाठी तिला रुग्ण मिळाला नव्हता. ऑनलाइनवाल्या नर्सला कुणी दारात उभं करत नव्हतं. मग तिने तोच शेवटचा फोन आठवून रकान्यांत लिहून काढला. एकदाच, तात्पुरता.

"तुम्ही नऊ मार्क दिलेत," ती म्हणाली. "आणि खाली लिहिलंत, पुढच्या भेटीत हे विचार. मी इथे येऊन विचारलं. ती बोलली."

चौदा आठवडे, चौदा शेरे. प्रत्येकात मी तिला पुन्हा या खोलीत धाडलं होतं.

"मॅडम, तुमचे मिस्टर बोलतात ना तुमच्याशी?" तिने विचारलं.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"वाटतं कधीकधी," मी म्हणाले. "पोळ्या करताना मागून काहीतरी विचारतात. पण मला चल म्हणत नाहीत. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू येणं हा आजार नाही, रश्मी. तो चल म्हणायला लागला, की मात्र डॉक्टरकडे जायचं. आता, लगेच."

"आणि आई?"

"एरवी ड्यूटीवर जाताना आईला काय सांगून निघायचीस? तेच सांग आणि चल डॉक्टरकडे."

तिने खाटेकडे पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मग ती उठली, दोन्ही कप उचलले आणि बोळाच्या टोकाच्या नळावर जाऊन विसळून आणले. मावशी तिच्या पाठोपाठ गेल्या आणि पाठोपाठ आल्या. टॅक्सीत ती आमच्या दोघींच्या मध्ये बसली. ओपीडीत केस पेपर करणाऱ्या तरुण डॉक्टरने विचारलं, आई आहे का. ती म्हणाली, "वारली." आणि मग चार महिन्यांत पहिल्यांदा रडली, असं तिनेच नंतर सांगितलं.

सोमवारी निमकर सरांनी मला दादरला बोलावलं.

"पंधराच्या पंधरा बनावट आहेत, मॅडम. रेकॉर्ड फॅब्रिकेट करणं म्हणजे कोर्समधून काढणं. नियमच आहे."

"फॉर्ममध्ये खोटं काय होतं ते दाखवा. आद्याक्षर खरं, वय खरं, नातं खरं. रुग्ण मेलाय हेसुद्धा रुग्णाने लिहून दिलं होतं. मार्क मी दिले. वेबिनार तुम्ही ठरवलात. रजा तुम्ही मंजूर केलीत."

"रजा सिस्टिम अप्रूव्ह करते, मी नाही."

"मग सिस्टिमला काढा."

ते हसले नाहीत. पण कागद बाजूला ठेवला. कमिटीत वाद झाला, दोन बैठका झाल्या. शेवटी तिचे तास रद्द झाले, जागा राहिली. माझं नाव प्रीसेप्टरच्या यादीतून सहा महिने काढलं होतं. ते मीच मागितलं होतं.

रश्मी पाच आठवडे वॉर्डात होती. खोलीची किल्ली तिच्या चुलतभावाने पुण्याहून येऊन दिली. औषधं अजून चालू आहेत. वर्षभराने तिने तास नव्याने भरायला घेतले. या खेपेला तिच्या पहिल्या रुग्णाकडे मी बरोबर गेले. शिवडीला, गोदामांमागच्या वस्तीत. चार जिने होते. रुग्ण एक रिटायर्ड क्रेनवाला, अंगापिंडाने मजबूत आणि फार तोंडाळ. त्याने पाच मिनिटांत दोघींना खालच्या दुकानातून तंबाखू आणायला पाठवायचा प्रयत्न केला. रश्मीने ते तसंच्या तसं लिहिलं. मी आठ मार्क दिले.

खाली उतरल्यावर मी तिला विचारलं, आई अजून बोलते का.

"बोलते," ती म्हणाली. "माशांच्या तिखल्यात मीठ जास्त पडलं की हमखास."

हल्ली मी नव्या प्रीसेप्टरांना शिकवते तेव्हा फार काही सांगत नाही. लक्षणांची नावं पुस्तकात आहेत. एवढंच सांगते की कागद कितीही सुरेख लिहिलेला असो, मार्क देण्याआधी एकदा जिना चढा आणि आत कोण आहे ते बघा.